हलंत रुसलाय: चौदा वर्षांच्या एक्स२२०वर अजून किती खर्च करावा?

साखळीकर

मंडळी, सल्ला हवाय. थोडं लांबेल, पण आधीच सगळं सांगितलेलं बरं.

आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी एक मराठी नाटक होतं. प्रॉम्प्टरची प्रत टाइप करायचं काम गेली दहाएक वर्षं माझ्याकडे आहे. जुन्या वह्या असतात, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पदं पेन्सिलीनं समासात लिहिलेली. हे सगळं मी थिंकपॅड एक्स२२० या लॅपटॉपवर उतरवतो. यंदा पहिल्याच तालमीला प्रॉम्प्टर मध्येच थांबला आणि म्हणाला, "हे 'परवेश दुसरा' काय आहे?" पुढे 'सवगत' होतं, 'परधान' होता आणि एका पानावर चक्क 'शरीकृषण'.

इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी) वापरणाऱ्यांना कळलं असेल. हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडून जोडाक्षर करणारं चिन्ह, इंग्रजी डी च्या बटणावर असतो. ते बटण आता चारदा दाबलं की एकदा लागतं. त्याच बटणावरचा 'अ' सोडला तर बाकी सगळी अक्षरं उमटतात, जोडाक्षर तेवढं होत नाही.

मशीन २०११चं, मी २०१४ साली जुनंच घेतलं. आय५-२५२०एम, ४ जीबी रॅम, ३२० जीबीची फिरती हार्डडिस्क. चालू करून चहा टाकला तर चहा आधी होतो. बॅटरी पंचवीस मिनिटं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११ हे मशीन घेत नाही. त्यात जुलैत एकदा बंदच पडलं होतं. पणजीतल्या एका दुकानात नेलं, त्यांनी उघडूनही न पाहता "बोर्ड गेला, मोडीत द्या" म्हणून सांगितलं. घरी आणून आठवडाभर कपाटात ठेवलं, तर आपोआप सुरू झालं!

मुलगा म्हणतो नवा घ्या. नव्यांचे कीबोर्ड दुकानात बडवून बघितले, पाटीवर बोटं आपटल्यासारखं वाटतं. परदेशी लोक या मॉडेलला फुल एचडी पडदा लावतात, कोअरबूट (मशीन चालू करणाऱ्या मूळ बायोसच्या जागी बसणारा मुक्त प्रोग्राम) टाकतात, असंही वाचलं. तर कुठपर्यंत जावं आणि कुठे थांबावं?

माडाखालचा

मोडीत देणार असाल तर मला द्या. 😀 मस्करी बाजूला ठेवतो. पहिला खर्च एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क. बाकी काही करायच्या आधी तो. अडीच इंची साटा, ७ मिलिमीटर जाडीची घ्या. बाजूचं छोटं झाकण काढलं की जुनी डिस्क ओढून बाहेर येते, तिचे रबराचे रूळ नव्याला चढवायचे आणि ढकलायची. दहा मिनिटांचं काम, त्यातली पाच स्क्रूड्रायव्हर शोधण्यात.

कथिलवाला

साखळीकर, जुलैत बंद पडला तेव्हा नेमकं काय झालं होतं? पंखा फिरत होता का? बीप येत होते?

साखळीकर

दिवा लागायचा, पंखा फिरायचा, पडदा काळा. बीप-बीप करून गप्प.

कथिलवाला

मग बोर्ड कशाला जाईल? रॅम आहे ती. गोव्यात पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या 'मेलेल्या' लॅपटॉपांपैकी बरेचसे असेच मेलेले असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर हात ओला होतो, आणि किनाऱ्याजवळच्या हवेत मीठही असतं. रॅमच्या सोनेरी दातांवर हळूहळू पापुद्रा धरतो, मग स्पर्श नीट होत नाही. कपाटात कपड्यांत राहून कोरडा झाला, म्हणून चालला. पुढच्या आषाढात पुन्हा बसेल.

उपाय सोपा आहे. चार्जर काढा, बॅटरी काढा. तळाच्या एकाच झाकणाखाली रॅमच्या दोन्ही जागा आहेत, एकावर एक. पट्टी बाहेर काढा, साधं पांढरं खोडरबर दातांवरून हलकेच फिरवा, कण फुंकून टाका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडानं पुसा. ९९ टक्केवालं घ्या. औषधाच्या दुकानातल्या जखमेच्या स्पिरिटात पाणी बरंच असतं, ते नको. खाचेतही दोन थेंब टाकून पट्टी दोन-तीनदा आत-बाहेर करा. पंधरा मिनिटं वाळू द्या आणि मगच चालू करा.

रॅम काढलीच आहे तर वाढवूनही टाका. बनवणारी कंपनी लेनोवो ८ जीबीच म्हणते, पण ८ अधिक ८ अशी १६ जीबी डीडीआर३ यात व्यवस्थित चालते. १.३५ व्होल्टची मिळाली तरी हरकत नाही, ती १.५वरही चालते. एकच पट्टी न लावता दोन लावा. ग्राफिक्स याच रॅममधून जागा घेतं, दोन मार्ग मिळाले की तेही जरा हलकं होतं. आणि प्रोसेसर बदलायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. एक्स मालिकेत तो बोर्डालाच डकवलेला असतो.

रायबंदरची

कथिलवाल्यांचं सगळं पटलं. "बॅटरी काढा" हे वाक्य मात्र ठळक अक्षरात वाचा, कारण मी ते वाचलं नव्हतं.

माझाही एक्स२२०च. साधा टीएन पडदा होता, जरा तिरकं बघितलं की माणसं भुतासारखी दिसायची. पुढच्या मॉडेलचा, जुन्या एक्स२३०मधला आयपीएस पडदा (तिरकं बघितलं तरी नीट दिसणारा) मिळाला. जोडणी तीच, रिझोल्यूशन तेच १३६६ बाय ७६८, सोल्डरिंग नाही. चार स्क्रू आणि एक केबल, एवढंच काम. चार्जर काढला होता, बॅटरी तशीच ठेवली. केबल ओढताना एक बारीकशी ठिणगी दिसली की भास झाला ते आजही सांगता येत नाही. नवा पडदा लावला, तर अंधार. जुना परत लावला, तोही अंधार. रडायचीच बाकी होते.

दोन दिवसांनी रात्री वीज गेली. मोबाइलचा टॉर्च हातात होता, सहज पडद्यावर तिरका मारला, तर आत अगदी फिकट, पाण्याखालच्या नाण्यासारखं, माझं डेस्कटॉप दिसलं! म्हणजे चित्र येत होतं, मागचा उजेड तेवढा नव्हता.

कथिलवाला

बॅकलाइटचा फ्यूज. थिंकपॅडवाल्यांचा नेहमीचा अपघात. पडद्याच्या जोडणीजवळ बोर्डावर तिळाएवढा तुकडा असतो. केबल निघताना वीज चालू असेल तर टाचणी शेजारच्या टाचणीला लागते आणि तो बिचारा जळून बाकीच्यांना वाचवतो. मल्टिमीटरनं दोन टोकं तपासली की कळतं. तिळाचा तुकडा बदलायला मात्र हात स्थिर हवा आणि चष्म्याचा नंबर बरोबर हवा.

रायबंदरची

तेच झालं. म्हापशात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलानं भिंगाखाली बसवून दिला. आता आयपीएसवर लिहितेय. साखळीकर, तुम्ही टायपिंगसाठीच वापरत असाल तर हा बदल जरूर करा. डोळे दुवा देतील.

सध्या_पुण्यात

मध्येच विचारतो, माझ्याकडे ११ इंची मॅकबुक एअर आहे, २०१३ची. हेच सगळं तिला करता येईल का?

माडाखालचा

रॅम बोर्डालाच लावलेली आहे, तिचं जे आहे ते आहे. एसएसडी काढता येते, ॲपलचा कनेक्टर वेगळा असल्यामुळे मध्ये अडॅप्टर लावून साधी एनव्हीएमई (नव्या प्रकारची एसएसडी) बसवतात. आधी जुन्या डिस्कवर मॅकओएस हाय सिएरा किंवा पुढचं एकदा टाका, त्याबरोबर फर्मवेअर (मशीनच्या आतला मूळ प्रोग्राम) सुधारतं. नाहीतर नवी डिस्क दिसणारच नाही. तळाच्या स्क्रूंना पाच पाकळ्यांचा ड्रायव्हर लागतो. बाकी या मशीनसाठी वेगळा धागा काढ, इथे जत्रा चाललीय.

ढकलगाडी

सगळं वाचतोय आणि एकच प्रश्न पडतोय. बॅटरी, एसएसडी, रॅम, पडदा, कीबोर्ड. एवढा पैसा घातल्यावर एखादा पाच-सहा वर्षांचा वापरलेला लॅपटॉप येत नाही का? त्यात विंडोज ११ही चालेल. ही हौस आहे हे मान्य करा, काटकसरीचा आव आणू नका.

साखळीकर

ढकलगाडी, मान्य. हौस आहेच. पण हिशोब एका बाजूनं करू नका. तुम्ही म्हणता तो लॅपटॉप मी भाच्यासाठी घेतला. पातळ, देखणा. रॅम बोर्डालाच लावलेली, बॅटरी आत स्क्रूखाली, कीबोर्ड वरच्या पत्र्याला रिव्हेट मारून बसवलेला. उद्या त्याचं डी गेलं तर अर्धा लॅपटॉप बदलावा लागेल. माझं बटण गेलं, तर मी इथे बसून तुमच्याशी वाद घालत तरी आहे.

कथिलवाला

कीबोर्डचं सांगतो. तळाला ज्या स्क्रूंपाशी कीबोर्डचं छोटं चित्र छापलंय ते काढा. मग कीबोर्ड पडद्याच्या दिशेनं हलकेच सरकवा, खालची कड मोकळी होते. उचला, पण झटक्यात नको, खाली रिबन आहे. बदली कीबोर्ड शोधताना 'एक्स२२०चा' म्हणून अडून बसू नका. टी४२०, टी५२० यांचाही तोच आहे, जसाच्या तसा बसतो. बाजारात टी४२० जास्त निघतात. एक्स२३० घ्यायचा मोह होईल, तो मात्र २०१२चा. तिथून लेनोवोनं सात ओळींचा कीबोर्ड सोडून सहा ओळींचा सुटा-सुटा दिला.

जुना टाकायच्या आधी त्या डी ची टोपी काढून खाली बघा. कात्रीसारखी प्लास्टिकची घडी असते, तिच्याखाली रबराची टोपी.

साखळीकर

बघितलं. रबराच्या टोपीभोवती पांढरं कडं होतं, वाळलेल्या घामासारखं. बोटानं चाखून पाहणार होतो, बायकोनं हात धरला. अल्कोहोलनं पुसलं, दोन दिवस बरं चाललं, मग परत 'परवेश'. खालच्या पापुद्र्यातलाच पट्टा खाल्ला गेला असावा.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो होतो, सॉसेज घ्यायला. परतताना जुन्या कॉम्प्युटरवाल्याकडे एक टी४२० दिसला, पडदा फुटलेला. कीबोर्ड तेवढा सोडून दिला त्यानं. अगदी तोच, ईएससी आणि डिलीट दुप्पट उंचीचे. बसवला. पहिलं वाक्य टाइप केलं: 'प्रवेश पहिला. श्रीकृष्ण प्रधानाशी स्वगत बोलतो.' अर्थाला चुकीचं, हलंताला बरोबर.

रायबंदरची

स्वगत प्रधानाशी! 😂 नाटकात घ्या हे.

माडाखालचा

आता ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम. विंडोजच्या जागी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. इन्स्क्रिप्ट आत असतंच, कीबोर्डच्या मांडणीत मराठी निवडायचं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, बोटांना काही कळणारही नाही की खाली विंडोज नाही. एक सावधगिरी. तुमच्या जुन्या प्रती डीटीपीवाल्यांच्या फॉन्टात असतील, युनिकोडमध्ये नसतील, तर त्या नव्या मशीनवर उघडल्यावर चिन्हांचा चिवडा दिसेल. फॉन्ट फाइली जपून ठेवा, आणि विंडोज पुसायच्या आधी एकेक प्रत पीडीएफ करून घ्या.

व्हिडिओबद्दल अपेक्षा कमी ठेवा. याचं ग्राफिक्स एच.२६४ प्रकारात दाबलेला व्हिडिओ स्वतः उलगडतं, पण यूट्यूब हल्ली व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या प्रकारांत पाठवतं. ते सगळं प्रोसेसरच्या डोक्यावर येतं आणि पंखा फेरीबोटीसारखा गुरगुरतो. ब्राउझरला एच.२६४च मागायला लावणारं एक्स्टेंशन मिळतं, ते टाका.

ढकलगाडी

आणि वायफाय? त्यातलं कार्ड एन पिढीचं. घरी फायबर आलंय, जुन्या कार्डावर काय मिळणार?

कथिलवाला

इथे गंमत आहे. एक्स२२०च्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी आहे. दुसरं लावलं की १८०२ नंबरची चूक दाखवतं, अनधिकृत नेटवर्क कार्ड आहे म्हणतं आणि पुढे जातच नाही. सुधारलेला बायोस टाकून किंवा कोअरबूट टाकून ही यादी जाते. बॅटरीच्या बाबतीत उलट. एक्स२३०पासून पुढे बाहेरची बॅटरी नाकारायची सोय आली, एक्स२२०मध्ये ती नाही. त्यामुळे बॅटरी कोणतीही लावा, पण ब्रँड नसलेल्या स्वस्त बॅटरीत सेल कसले असतात ते देवाला ठाऊक. वजन करून बघा, हलकी लागली तर परत द्या. नऊ सेलवाली मागून शेपटीसारखी बाहेर येते, पिशवीत अडते. सहा सेलची पुरे.

कोअरबूटबद्दल माझं मत: साखळीकर, तुम्ही करू नका. मी केलंय. पामरेस्ट (मनगटं टेकतात तो भाग) काढली की आठ पायांची चिप दिसते, तिला चिमटा लावून बाहेरून लिहावं लागतं. बाजारात मिळणारा काळा स्वस्त प्रोग्रामर ३.३ व्होल्टवर ठेवला तरी त्याच्या काही तारांवर ५ व्होल्ट येतात, म्हणून मी रास्पबेरी पाय वापरला. आधी चिप दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळतात का पाहिलं. तिसऱ्या वेळी जुळल्या. चिमटा केसभर सरकला तरी वेगळंच काहीतरी वाचतं. मिळालं काय? चालू व्हायला लागणारे काही सेकंद वाचले आणि मनाचं समाधान. वायफायसाठी यूएसबीचं नखाएवढं कार्ड लावा.

फुल एचडीचंही तसंच. एक्स२२०चा पडदा एलव्हीडीएस या जुन्या प्रकारच्या जोडणीवर चालतो, तो मार्ग तेवढे पिक्सेल वाहत नाही. म्हणून डॉकिंगच्या जोडणीतून डिस्प्लेपोर्टच्या केसासारख्या तारा बोर्डावर डाग देऊन आणतात. दिसतं सुंदर. पण नाटकाची प्रत वाचायला १२.५ इंचांवर फुल एचडी म्हणजे अक्षर मुंगीएवढं, मग तुम्ही ते मोठं करणार, मग केलं कशाला?

सध्या_पुण्यात

कथिलवालाभाऊ, ही भाषा ऐकून गावची आठवण आली. "डाग देणे" इथे कुणी म्हणत नाही, सगळे सोल्डर करतात.

साखळीकर

महिनाभरानं लिहितोय, माफ करा, तालमी चालू आहेत.

झालं ते असं. रॅम पुसली आणि १६ केली. एसएसडी टाकली, मिंट टाकलं. चहाचं आधण ठेवून यावं तर लॉगिनचा पडदा वाट बघत असतो, आता चहाच मागे पडला. आयपीएस पडदा रायबंदरचीताईंच्या गोष्टीनंतर बॅटरी काढून, चार्जर दुसऱ्या खोलीत ठेवून बदलला. फुल एचडी नाही, कोअरबूट नाही.

पंखा साफ करणं हेच सगळ्यांत जिकिरीचं निघालं. त्यासाठी जवळजवळ अख्खा लॅपटॉप सुटा करावा लागतो, हे कुणी आधी सांगितलं नाही! डायनिंग टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, प्रत्येक टप्प्याचे स्क्रू वेगळ्या बशीत. तांब्याच्या पट्टीच्या टोकाला जी जाळी असते तिथे धूळ आणि ओल मिळून नमदा झाला होता, हातरुमालासारखा एका तुकड्यात निघाला. पट्टीवर हिरवट बुरशीचा रंग चढलेला, देवाच्या समईसारखा. प्रोसेसर आणि पट्टीमधली जुनी पेस्ट खडूसारखी कोरडी. नवी लावल्यावर नुसतं टाइप करताना ४८ अंश दाखवतं, आधी ७० असायचं.

बॅटरी सहा सेलची, वजन करूनच घेतली, दुकानदार विचित्र बघत होता. टीएलपी (लिनक्सवर बॅटरी सांभाळणारा प्रोग्राम) टाकून चार्ज ७५ ते ८० टक्क्यांच्या मध्ये थांबवलाय, कारण एरवी वायर लावलेलीच असते. जत्रेच्या रात्री तेवढं पूर्ण भरून घेईन.

एकच अडचण. सगळं लावून झाल्यावर बशीत एक स्क्रू उरला.

कथिलवाला

लांब की आखूड?

साखळीकर

आखूड.

कथिलवाला

मग कुठेतरी आखडाच्या जागी लांब गेलाय. लांब स्क्रू पामरेस्टला खालून फोडतो, नाहीतर बोर्डाला टेकतो. पामरेस्टवरून बोट फिरवा, कुठे फोड आल्यासारखं लागतंय का बघा.

साखळीकर

लागतंय. उजवीकडे, टचपॅडच्या जरा खाली. जत्रा पौषात आहे, अजून वेळ आहे. उद्या परत उघडतो.

रायबंदरची

बॅटरी काढून.